समावेशक शिक्षण: ‘आणि’ या शब्दाचं काय झालं?

यवतमाळहून अमरावतीकडे जाताना नेर आम्ही शेकडो वेळा ओलांडलं असेल, पण इथं बसून बोलायची वेळ फार थोडी आली. बोलावलंत, बरं वाटलं.

सुरुवात मघाच्या एका प्रसंगानं करतो. सभागृहाबाहेर चहा घेत होतो, तेव्हा एक बाई भेटल्या. बाजूच्या खेड्यातून आल्या होत्या. मुलगा अकरा-बारा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा पक्षाघात. हातपाय हवे तसे वळत नाहीत, बोलणं अडखळतं. नाव गावच्या शाळेच्या पटावर आहे. पोषण आहार मिळतो, पुस्तकं मिळतात, गणवेश मिळाला. आम्ही विचारलं, ‘मग ठीक चाललं आहे ना?’ त्या म्हणाल्या, ‘चाललं तं आहे सर. सारे बसवतेत त्याले. पण त्याले कोणी प्रश्न इचारत नाही.’

आम्ही तीन पानांची टिपणं करून आणली होती. ती आता खिशातच राहू द्यावीत असं वाटतं, कारण आजचा विषय या बाईंनी एका वाक्यात मांडला आहे. समावेशक शिक्षण म्हणजे काय, हा प्रश्न आपण त्या वाक्याच्या मागोमाग जाऊन पाहू.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. त्यामुळे कायदा वाचायला घेतला की आधी क्रियापदं आणि उभयान्वयी अव्ययं पाहायची खोड आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात समावेशक शिक्षणाची व्याख्या आहे. तिचा आशय आमच्या शब्दांत सांगतो: अपंगत्व असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतात, आणि शिकण्या-शिकवण्याची पद्धत वेगवेगळ्या अपंग विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार योग्य तशी बदललेली असते, अशी व्यवस्था. यातला दुसरा ‘आणि’ आम्हाला महत्त्वाचा वाटतो. तर्कशास्त्रात ‘प आणि फ’ हे विधान खरं ठरायला दोन्ही अंगं खरी असावी लागतात. एक खरं, एक खोटं, तर अख्खं विधान खोटं. पन्नास टक्के खरं वगैरे काही नसतं तिथं.

आता आपल्या शाळांकडे पाहा. पहिलं अंग, मुलं एकत्र बसणं, हे बऱ्याच ठिकाणी झालं. निदान पटावर झालं. दुसरं अंग, पद्धत बदलणं, ते कुठं आहे? ते नसेल तर कायद्याच्या व्याख्येप्रमाणं तिथं समावेशक शिक्षण अर्धवट झालं असं म्हणता येत नाही. ते तिथं नाही, एवढंच म्हणता येतं. अहवालात मात्र ते असतं.

ही काही आजची गल्लत नाही. कोठारी आयोगानं १९६६ साली आपला अहवाल दिला, त्यात अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची शिफारस होती. १९७४ मध्ये केंद्र सरकारची अपंग एकात्मिक शिक्षण योजना आली. ‘एकात्मिक’ हा त्या काळचा शब्द. त्यामागची कल्पना अशी की शाळा आहे तशी आहे, मुलाला थोडं तयार करा, उपकरण द्या, आणि आत बसवा. म्हणजे दार तेवढंच, मुलानं अंग चोरून आत यायचं. पुढं १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामान्का इथं जागतिक परिषद भरली आणि तिथून ‘समावेशक’ हा विचार जगभर गेला. बदलायचं ते शाळेनं, असं तो सांगतो. दार रुंद करायचं. भारतानं संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला, त्यातही हेच आहे. आपण काय केलं? शब्द बदलला, ‘एकात्मिक’ खोडून ‘समावेशक’ लिहिलं, आणि दार जुनंच ठेवलं.

दाराचाच विषय निघाला म्हणून रॅम्पबद्दल सांगतो. (हसू नका, रॅम्प हे फार गंभीर प्रकरण आहे.) उताराचं मान्य प्रमाण एकास बारा. शाळेचं जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. तुमच्या गावच्या शाळेचा रॅम्प पावलांनी मोजून बघा. बहुतेक ठिकाणी सात-आठ फुटांत काम आटोपलेलं असतं. त्यावरून मुलं घसरगुंडी खेळतात, मास्तर मोटरसायकल वर घेतात, आणि व्हीलचेअर मात्र दोन माणसांनी उचलल्याशिवाय चढत नाही. पण ‘रॅम्प आहे का?’ या रकान्यात ‘होय’ लिहिलं जातं. आता हे ‘होय’ खोटं म्हणायचं का? लिहिणारा खोटं बोलत नाही. रकाना ‘आहे का’ एवढंच विचारतो, ‘चढता येतं का’ हे विचारत नाही.

दुसऱ्याच्या रॅम्पवर बोट ठेवताना आपला रॅम्प लपवणं बरं नव्हे. म्हणून हे सांगतो.

आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथं एक वर्षी बी.ए.च्या वर्गात पूर्ण अंध विद्यार्थी आला. हुशार, शांत, पहिल्या बाकावर बसायचा. आम्ही खूश. वर्गात एक अंध विद्यार्थी आहे याचं आम्हाला, खरं सांगायचं तर, थोडं कौतुकच होतं. स्वतःचं कौतुक, त्याचं नव्हे. चार महिने असे गेले. मग संवाक्याची सत्यासत्यता तपासायची वर्तुळं आली, वेन आकृत्या. आम्ही फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एकमेकांत गुंतलेली, आणि म्हणालो, ‘हा जो इथला भाग आहे, तो रिकामा. आणि इथं फुली.’ ‘इथं’, ‘हा’, ‘तो’. पस्तीस मिनिटं आम्ही दर्शक सर्वनामांवर तास चालवला. तास संपल्यावर तो उठून म्हणाला, ‘सर, आज तुम्ही काय काढलं होतं?’

आम्ही काय उत्तर दिलं ते सांगायला आजही जड जातं. आम्ही म्हणालो, ‘तू हे सोडून दे, परीक्षेत याला पर्यायी प्रश्न असतो.’

आम्ही दयाळू होतो. लक्षात घ्या, कठोर नव्हतो. आणि त्या दयाळूपणातच आम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं होतं, खुर्ची न हलवता.

पुढं जे झालं त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. त्याच्या शेजारच्या मुलीनं हातातल्या दोन बांगड्या काढल्या, बाकावर एकीवर एक अर्ध्या चढवून ठेवल्या आणि त्याचं बोट धरून फिरवलं. ‘ही सगळी माणसं. ही सगळी मर्त्य वस्तूंची. आणि हा मधला भाग दोघींचा.’ त्याला तो भाग दोन मिनिटांत समजला. फुलीच्या जागी तिनं शेंगदाणा ठेवला. त्याहून गंमत म्हणजे मागच्या बाकावरची तीन-चार डोळस मुलं उठून बघायला आली, कारण आमची खडूची वर्तुळं त्यांनाही कळली नव्हती. पुढच्या वर्षापासून आम्ही बांगड्या घेऊन वर्गात जाऊ लागलो. निवृत्त होईपर्यंत. घरून विचारणा व्हायची, तो भाग वेगळा.

कायद्यातल्या व्याख्येचा दुसरा भाग आम्हाला त्या बाकावर दिसला. तिथं विशेष शिक्षक नव्हता, निधी नव्हता, दोन काचेच्या बांगड्या होत्या. पण यावरून ‘बघा, काही खर्च लागत नाही, मन हवं’ असा निष्कर्ष काढू नका. असले निष्कर्ष सरकारला फार आवडतात. बांगड्यांनी वेन आकृती येते. ब्रेल पुस्तक येत नाही, स्क्रीन रीडर असलेला संगणक येत नाही, सांकेतिक भाषा येणारा शिक्षक येत नाही. रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या पदांबद्दल आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाबद्दल सरकारांना बजावावं लागलं, ते उगीच नव्हे. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, वर्ग चार किंवा पाच, त्यात निवडणुकीची कामं, त्यात माहिती भरणं. अशा शिक्षकाला समोर बसवून ‘तुम्ही संवेदनशील व्हा’ म्हणणं हा आम्हाला उद्धटपणा वाटतो. तो संवेदनशील आहे हो. त्याला माणूस हवा आहे, वेळ हवा आहे.

आता थोडं मागं जाऊ, आणि आपल्याच मुलखात जाऊ.

अमरावती जिल्ह्यातलं माधान तुम्हाला ठाऊक आहे. संत गुलाबराव महाराज. जन्म १८८१, लोणी टाकळीचा. वर्षाच्या आत दृष्टी गेली. १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, पुण्यात देह ठेवला. तेवढ्या आयुष्यात सव्वाशेच्या वर ग्रंथ, मधुराद्वैत नावाचं दर्शन, आयुर्वेदापासून संगीतापर्यंत लेखन, डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा परामर्श, आणि ‘नावंग’ नावाची स्वतःची भाषा. तत्त्वज्ञानाच्या विभागांत त्यांच्याबद्दल आम्ही मंडळी फार कमी बोललो, हा एक अपराधच आहे. पण आज मुद्दा वेगळा.

आपण त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतो. सुंदर शब्द आहे. पण हा शब्द काम काय करतो? तो सांगतो, यांना आतले डोळे होते, म्हणून त्यांना बाहेरच्या डोळ्यांची गरज पडली नाही. एकदा असं म्हटलं की पुढचं विचारायची गरज उरत नाही. आम्ही विचारतो: डार्विन त्यांच्यापर्यंत पोचला कसा? कोणीतरी वाचून दाखवला. ग्रंथ कागदावर उतरले कसे? त्यांनी सांगितले, कोणीतरी लिहून घेतले. त्यांच्या जन्माच्या वेळी भारतात अंधांसाठी शाळा नव्हती. पहिली अमृतसरला १८८७ मध्ये निघाली. भारतीय भाषांना एकसारखी ब्रेल लिपी मिळायला १९५१ उजाडलं. अशा काळात वऱ्हाडातल्या एका खेड्यात वाचून दाखवणारी आणि लिहून घेणारी माणसं एका अंध मुलाभोवती जमली. ती बहुतेक आपल्या आठवणीत नाहीत. आम्हाला विचाराल तर महाराष्ट्रातल्या समावेशक शिक्षणाच्या इतिहासातलं पहिलं प्रकरण त्या अनाम वाचकांचं लिहायला हवं.

गुलाबराव महाराजांची प्रतिभा यानं कमी होते का? मुळीच नाही. पण प्रतिभा देवाची देणगी आणि वाचून दाखवणं क्षुल्लक, अशी वाटणी केली की काय होतं ते बघा. गावोगाव ज्या मुलांपाशी कोणी वाचून दाखवणारं नव्हतं, त्यांच्याबद्दल आपण खुशाल म्हणू शकतो की त्यांच्यात तेवढं तेज नव्हतं. २०१६ च्या कायद्यानं इथं बरोबर बोट ठेवलं आहे. त्यात अपंग व्यक्तीची व्याख्या केवळ शरीरातल्या उणिवेवर थांबत नाही. उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या संबंधातून सहभाग खुंटतो, असं ती म्हणते. न्यायाच्या भाषेत सांगायचं तर अपंगत्व हा नुसता व्यक्तीचा गुण नाही, तो संबंध आहे. संबंधाचं एक टोक बदललं तरी संबंध बदलतो.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर ‘दिव्यांग’बद्दलही बोलतो. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी तो सुचवला, आता कायद्याच्या हिंदी-मराठी नावात, कार्यालयांच्या पाट्यांवर तोच आहे. आपल्या राज्यानं ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही केला, तो चांगलाच निर्णय. शब्दामागचा हेतूही चांगला असेल. पण ज्यांच्यासाठी तो शब्द आहे त्यांच्यातल्याच अनेकांनी तो नको म्हटलं. आम्हाला त्यात ‘प्रज्ञाचक्षू’चीच अडचण दिसते: दिव्य अवयव असणाऱ्याला रॅम्प कशाला? याच्या उलट टोकाला आपल्या शाळांतला दुसरा शब्द आहे, फार लहान, एकाच अक्षराचा. ‘ढ’. या एका अक्षराखाली किती मुलांचं वाचन-अक्षमत्व, किती जणांची कमी ऐकू येण्याची अडचण, किती जणांचा साधा चष्म्याचा नंबर गाडला गेला असेल! अध्ययन अक्षमता कायद्याच्या एकवीस प्रकारांत आज आहे. पण तिचं निदान करणारी केंद्रं दीर्घकाळ मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांभोवतीच होती. मुंबईच्या मुलाला प्रमाणपत्र आणि परीक्षेत सवलत, आणि आपल्याकडच्या मुलाला ‘ढ’. अक्षमता तीच.

सवलतीचं म्हणाल, तर तिथंही सावध असायला हवं. परीक्षेत लेखनिक देणं, तासाला किमान वीस मिनिटं जादा देणं, ही सोय आहे. त्यानं त्याच प्रश्नाला त्याच उंचीवर उत्तर देता येतं. पण बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घे, ही सूट आहे. काही मुलांना ती खरोखर हवी असते, नाकारू नये. मात्र शिकवायचा कंटाळा आला की आपण सूट पुढं करतो. आमचा ‘पर्यायी प्रश्न’ आठवा. आंध्रातल्या श्रीकांत बोल्ला यांना दहावीत उत्तम गुण असूनही अंध म्हणून अकरावीला विज्ञान नाकारलं होतं. न्यायालयात जाऊन त्यांनी ते मिळवलं आणि पुढं अमेरिकेत एमआयटीत शिकले. त्यांना कोणी छळलं नव्हतं. तुला जमणार नाही, असं काळजीनंच सांगितलं गेलं असेल.

आता सगळ्यात अवघड जागा. इथं आमचं मत सगळ्यांना पटेल असं नाही. विशेष शाळा बंद कराव्यात का?

मुंबईच्या डॉ. मिथू अलूर यांचं उदाहरण घ्या. मुलगी मालिनी, सेरेब्रल पाल्सी असलेली. तिच्यासाठी शाळा नाही म्हणून १९७२ मध्ये त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, म्हणजे विशेष शाळाच काढली. आणि पुढं त्याच बाईंनी आपल्याच संस्थेचा मोहरा समावेशक शिक्षणाकडे वळवला. स्वतः उभारलेली गोष्ट अपुरी आहे असं म्हणायला केवढं धाडस लागतं! मालिनी चिब पुढं लेखिका झाल्या. हे एक टोक.

दुसरं टोक पुन्हा आपल्या जवळचं. अचलपूरजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी सोडून दिलेल्या अपंग मुलांना घर दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची मानसकन्या माला पापळकर लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जन्मापासून अंध, जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडलेली मुलगी. ती शिकली ब्रेलवर, अंध विद्यालयात. तिला त्या वयात गावच्या दोन-शिक्षकी शाळेत नुसतं ‘समाविष्ट’ केलं असतं तर ब्रेल कोणी शिकवली असती? वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमट्यांनी अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा काढल्या, त्याही अशाच गरजेतून.

आणि कर्णबधिर मुलांचं काय? त्यांचा प्रश्न तर आणखी निराळा आहे. त्यांना भाषा हवी, आणि भाषा एकट्यानं शिकता येत नाही. चाळीस ऐकू येणाऱ्या मुलांत एक कर्णबधिर मूल बसवलं, तर ते समाविष्ट दिसतं आणि बेटावर राहतं. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेनं कर्णबधिरांच्या शिक्षणातून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याची सावली पुढं शंभर वर्षं जगभर पडली. म्हणून सालामान्काच्या जाहीरनाम्यातही कर्णबधिर मुलांसाठी विशेष शाळा किंवा विशेष वर्ग अधिक योग्य ठरू शकतात, असं स्पष्ट नोंदलं आहे. समावेशनाचे कडवे पुरस्कर्ते हा परिच्छेद सहसा वाचून दाखवत नाहीत.

तेव्हा आमचं म्हणणं असं. ब्रेल, सांकेतिक भाषा, चालण्या-वावरण्याचं प्रशिक्षण, हे जिथं नीट मिळतं ती विशेष शाळा टिकायला हवी, आणि तिथला जाणकार शिक्षक गावच्या शाळेपर्यंत पोचायला हवा. कायदाही हेच सांगतो: चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. निवड मुलाची. पण निवड म्हणायला दोन वस्तू समोर असाव्या लागतात. जवळची शाळा तयार नाही, विशेष शाळा साठ किलोमीटरवर, अशा वेळी आईबापांनी जे केलं त्याला निवड म्हणणं ही थट्टा आहे. गृहाधारित शिक्षणाचंही तेच. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा हक्क मिळाला. हक्क म्हणून तो आला. व्यवहारात शाळेला तो सुटका वाटतो. महिन्यातून एक-दोन भेटी, एक सही, आणि मूल पटावर.

आणि ही जी जवळची शाळा, ती तरी जवळ राहणार आहे का? २०२३ मध्ये राज्यात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढं आला. वीसच्या आत पट म्हणजे शाळा परवडत नाही, हा हिशेब. बस देऊ म्हणतात. धडधाकट मुलाला तीन-चार किलोमीटर म्हणजे कंटाळा. मघाच्या बाईंच्या मुलाला तेवढंच अंतर म्हणजे शिक्षणाचा शेवट. त्याला बसमध्ये चढवणार कोण? आई कापूस वेचायला गेलेली असते. अपंग मुलांचा विचार या चर्चेत कुठं आला का, शोधून बघा. धोरणाच्या एका पानावर समावेशन आणि दुसऱ्या पानावर समूह शाळा, आणि दोन्ही पानं एकाच पोराच्या दारात येऊन थांबतात.

उत्तर विचारायचं म्हणजे मूल चुकेल हे गृहीत धरायचं, ते थांबेल तेवढं थांबायचं, वर्गातल्या चुळबुळीला आवरायचं. जी मुलं अडखळत बोलतात त्यांच्या एका उत्तराला तीन मिनिटं लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासातली तीन मिनिटं शिक्षक कुठून आणणार, ही खरी चर्चा आहे. त्यासाठी कोणता धडा गाळायचा, कोणतं काम शिक्षकाकडून काढून घ्यायचं, शेजारच्या मुलांना काय शिकवायचं. यावर इथं जे शिक्षक बसले आहेत त्यांनी बोलावं, आम्ही पुष्कळ बोललो.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत त्या हिरव्या पदराच्या बाईंनी केव्हाचा हात वर केला आहे. माईक आधी त्यांच्याकडे द्या. त्यांचा मुलगाही सोबत आहे, बरं झालं. त्याला काही विचारायचं असेल तर तोही विचारू दे, आम्हाला घाई नाही.